कोणता पिन आणि कोणता परवा?

कुरिअर करताना काउंटरवरचा माणूस पिन विचारतो, तेव्हा आपण सहा आकडे सांगतो. एटीएमसमोर उभे राहिलो की तोच शब्द वाचून गुपचूप चार आकडे दाबतो. गोंधळ होत नाही, कारण आपण कुठे आहोत आणि काम काय आहे हे आपल्याला दिसत असतं. ज्याला हे काहीच दिसत नाही, त्याच्यावर काम सोपवायचं असेल तर? एआय एजंटच्या बाबतीत नेमकं हेच घडतं.

साधा चॅटबॉट फक्त उत्तर देतो. एजंट पुढे जाऊन काम उरकतो. तिकीट काढतो, ईमेल पाठवतो, कॅलेंडरमध्ये नोंद करतो. त्यासाठी त्याच्या हाती छोटे छोटे प्रोग्राम दिलेले असतात, त्यांना टूल म्हणतात. गंमत अशी की टूलच्या पोटातला कोड एजंटला सहसा दिसतच नाही. त्याला दिसतं टूलचं नाव, साध्या भाषेतलं चार ओळींचं वर्णन आणि कोणती माहिती भरायची याची यादी. एवढ्याच भांडवलावर तो ठरवतो की हे टूल आत्ता वापरायचं का, आणि वापरायचं तर त्यात काय भरायचं.

समजा, एका दवाखान्याने आपल्या एजंटला एक टूल दिलं आणि वर्णन लिहिलं, 'अपॉइंटमेंटची माहिती.' आता तुम्ही म्हणालात, 'आजीची परवाची अपॉइंटमेंट बघ.' आपल्या मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही! होऊन गेलेली भेट दाखवायची की येणारी? हे टूल नुसतं दाखवतं की नवीन वेळही घेऊन टाकतं? आणि आजी म्हणजे कोण? घरातल्या चौघांचा नंबर एकच, सूनबाईंच्या मोबाईलचा. एजंट अंदाज बांधणार. तो चुकला, तर आजीच्या डोळ्यांच्या तपासणीची वेळ नातवाच्या नावावर पडणार.

तेच वर्णन असं लिहिलं तर बघा:

'रुग्णाच्या पुढील अपॉइंटमेंट दाखवते. झालेल्या भेटी दाखवत नाही. नवीन वेळ घेण्यासाठी किंवा बदलण्यासाठी हे वापरू नये. रुग्णाचा सहा आकडी नोंदणी क्रमांक द्यावा, मोबाईल क्रमांक नव्हे, कारण एका मोबाईलवर घरातले अनेक जण नोंदलेले असतात. क्रमांक माहीत नसेल तर अंदाज न करता विचारावे. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, उदा. २०२६-०४-०३.'

तारखेची ओळ क्षुल्लक वाटेल, पण ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि अमेरिकेत ४ मार्च. मला स्वतःला यातलं सर्वांत मोलाचं वाक्य वाटतं ते 'हे वापरू नये' असं सांगणारं. काय करतं हे सगळेच लिहितात. काय करत नाही हे लिहायला मात्र विसरतात.

टूलकडून येणारा निरोपही असाच हवा. 'एरर ४०४' वाचून एजंट पुन्हा तेच करून बघेल. 'या क्रमांकाचा रुग्ण सापडला नाही, क्रमांक सहा आकडी आहे का ते तपासा' असं वाचलं तर तो चूक सुधारेल.

मोठ्या कंपन्यांनाही याचा अनुभव आला आहे. अँथ्रॉपिकने आपल्या क्लॉडला इंटरनेटवर शोधण्याचं टूल दिलं, तेव्हा तो गरज नसतानाही शोधशब्दांपुढे '२०२५' जोडू लागला आणि निकाल बिघडू लागले. टूलचं वर्णन सुधारून ही खोड घालवली गेली. दुसऱ्या एका कामात एजंट फाइलचा अर्धवट पत्ता देऊन चुकत होता. टूलमध्ये पूर्ण पत्ता सक्तीचा केला आणि ती चूक थांबली.

पूर्ण पत्त्याची सक्ती आपल्याला नवी नाही म्हणा. एकाच नावाची कितीतरी गावं आणि पत्ते लिहिण्याच्या वेगवेगळ्या भाषा, यातून होणारा गोंधळ मिटवण्यासाठीच १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन कोड सुरू झाला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. टपाल वाटणाऱ्याने अंदाज करू नये, ही काळजी त्यांनी सहा आकड्यांत घेतली.

याची एक काळी बाजूही आहे. एजंट वर्णनावर विश्वास ठेवतो, मग ते कोणीही लिहिलेलं असो. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही टूल जोडण्याची सामाईक पद्धत आली आणि बाहेरच्यांनी बनवलेली टूल जोडणं सोपं झालं. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरिएंट लॅब्सच्या संशोधकांनी एक धोका दाखवून दिला. दोन संख्यांची बेरीज करणारं निरुपद्रवी दिसणारं टूल. पण त्याच्या वर्णनात एजंटसाठी छुपी सूचना, की वापरणाऱ्याच्या संगणकातल्या गुप्त किल्ल्यांची फाइल वाच, त्यातला मजकूर बेरजेसोबत पाठव, आणि याबद्दल त्याला काही बोलू नकोस. वापरणाऱ्याला स्क्रीनवर दिसतं फक्त टूलचं नाव.

तेव्हा फोनवरच्या एआय सहायकाला एखादं नवं ॲप जोडताना ते कोणी बनवलं आहे आणि कशाकशाची परवानगी मागतं आहे, हे आधी बघा. पैसे पाठवणं, मेल पाठवणं, काही पुसून टाकणं अशा कामांपूर्वी 'करू का?' असं विचारण्याची सोय असेल तर ती चालूच ठेवा. आणि त्याला आजीची वेळ घ्यायला सांगताना परवा न म्हणता तारीख सांगा, आजीचं पूर्ण नावही.