परदेशी इंग्रजी शिकावयास जाण्यापूर्वी

पदवी हाती आली की आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी आम्हांस हमखास एक प्रश्न विचारतात : 'लंडनला जाऊन व्यावसायिक इंग्रजीचा अभ्यासक्रम केला तर चांगली नोकरी मिळेल का?' प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यामागे आईचे दागिने, वडिलांचा भविष्यनिर्वाह निधी आणि मराठी माध्यमातून शिकल्याचा संकोच उभा असतो. म्हणून त्याचा विचार शांतपणे करावयास हवा.

परदेशी शिक्षणाचा विषय निघताच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे स्मरण होते. १९१३ मध्ये बडोदा संस्थानची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनमधील अध्ययन अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. मग सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडील कर्ज त्यात घातले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांनी डी.एस्सी. संपादन केली. कर्ज त्यांनीही काढले. पण जे येथे मिळणार नव्हते त्यासाठी काढले. हाच निकष आपण लावावा.

व्यावसायिक इंग्रजी म्हणजे दरपत्रकासोबतचे पत्र लिहिणे, ग्राहकाच्या तक्रारीस उत्तर देणे, बैठकीत मत मांडणे, दूरध्वनीवर बोलणी करणे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्याने यांपैकी आपले नेमके काय अडते ते प्रथम कागदावर लिहावे. 'इंग्रजी कच्चे आहे' एवढ्या निदानावर औषध ठरत नाही.

त्यानंतर तासांचा हिशेब करावा. युरोपीय मानकानुसार भाषाज्ञानाच्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. एक पायरी चढण्यास मार्गदर्शनाखालील सुमारे २०० तासांचे अध्ययन लागते, असे ढोबळमानाने मानले जाते. आठवड्यास १५ तासांप्रमाणे चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमात ६० तास होतात. म्हणजे पायरीचा तिसरा हिस्साही पुरा होत नाही. उलट, येथेच चांगल्या शिक्षकाकडे रोज एक तास दिला, तर सात महिन्यांच्या आत २०० तास भरतात. बदलापूर ते मुंबई हा लोकलचा रोजचा प्रवास इंग्रजी ऐकण्याच्या सरावास उपयोगी पडतो, तो वेगळाच.

खर्चाविषयी दोन गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'तेथे अर्धवेळ काम करून शुल्क भरू' असे अनेकांस वाटते. ब्रिटनमध्ये सहा महिन्यांपर्यंतच्या अभ्यासक्रमास अभ्यागत व्हिसा आणि सहा ते अकरा महिन्यांच्या इंग्रजी अभ्यासक्रमास अल्पकालीन अध्ययन व्हिसा लागतो; या दोहोंवर तेथे नोकरी करता येत नाही. दुसरा गैरसमज शिष्यवृत्तीचा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी. यांसाठी आहे, काही आठवड्यांच्या भाषावर्गासाठी नाही. तेव्हा सारा भार घरावरच पडतो.

मग जाऊच नये काय? तसे नाही. कंपनी खर्च उचलत असेल, परदेशी विद्यापीठाने प्रवेशाबरोबर भाषावर्गाची अट घातली असेल, किंवा भाषा पक्की असून विशिष्ट कामासाठी सराव हवा असेल, तर अवश्य जावे. पैसे भरण्यापूर्वी ब्रिटनमधील संस्थेस ब्रिटिश कौन्सिलची मान्यता आहे का, एका वर्गात किती विद्यार्थी असतात आणि व्हिसा नाकारल्यास शुल्क परत मिळते का, हे लेखी विचारून घ्यावे.

ज्यांची परिस्थिती यांत बसत नाही, त्यांनी तेच वर्ष येथे इंग्रजी पक्के करण्यास आणि आयईएलटीएस परीक्षेच्या तयारीस द्यावे. ही परीक्षा मुंबईत देता येते, आणि तिच्या गुणांवर पुढे शिष्यवृत्तीसह पदव्युत्तर शिक्षणाचा मार्ग खुला होऊ शकतो. पालकांनीही मुलांस अडवू नये आणि घाईही करू नये. हिशेबाचा कागद समोर ठेवून मुलांसोबत बसावे. दागिने गहाण टाकण्याची वेळ आलीच, तर ती पदवीसाठी यावी.