डोळ्यांतील कप्पी

मान वांकडी करून बसणाऱ्या एका विद्यार्थ्यास आम्हीं वर्षभर दटाविलें. मान सरळ धरावयास लावली कीं तो वाचतांना अडखळे. आम्ही तो आळस समजलों. पुढें सेवानिवृत्तीनंतर आम्ही जिन्यावरून पडलों, डोक्यास मार बसला आणि खालीं पाहतांच एका पायरीच्या दोन पायऱ्या दिसूं लागल्या. तेव्हां नेत्रवैद्यांच्या बोलण्यावरून त्या मुलाची मान आम्हांस आठवली.

मेंदूपासून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या १२ जोड्यांपैकीं तिसरी, चौथी व सहावी या नेत्रगोल फिरवितात. चौथा तंतु सर्वांत बारीक. मेंदूच्या देठाच्या पाठीमागून निघणारा तोच एकटा. डाव्या बाजूचा उजवीकडे व उजव्या बाजूचा डावीकडे जातो आणि देठास वळसा घालून डोळ्याच्या खोबणींत शिरतो. कवटीच्या आंत एवढा लांब प्रवास दुसऱ्या कोणाचा नाहीं. म्हणूनच डोक्यास धक्का बसला कीं हा चटकन् दुखावतो. त्याच्या हुकमतींत स्नायु एकच, वरचा तिरकस. त्याची दोरी खोबणीच्या वरच्या, नाकाकडील कोपऱ्यांतल्या कूर्चेच्या कडींतून ओंवली जाऊन मागें वळते. हुबेहूब आडावरील कप्पी! लॅटिन भाषेंत कप्पीस ट्रॉक्लिआ म्हणतात, त्यावरून तंतूस ट्रॉक्लिअर हें नांव पडलें. नाकाकडे वळलेला डोळा खालीं ओढणें हें या दोरीचें मुख्य काम. वाचणें आणि जिना उतरणें यांस नेमकें तेंच लागतें.

तंतु दुबळा झाला कीं तो डोळा किंचित् वर राहतो व एका वस्तूच्या दोन आकृति एकीवर एक दिसतात. मान विरुद्ध खांद्याकडे कलविली कीं त्या जुळतात. जन्मजात दोष असलेलें मूल हा उपाय न शिकवितां करितें. त्यास स्वतःस पत्ताहि नसतो. मान नेहमीं एकाच बाजूस झुकत असेल तर मानेबरोबर डोळेहि तपासून घ्यावे. प्रौढांत मधुमेहानेंहि हा तंतु अधू होतो, पण बहुधा कांहीं महिन्यांत सुधारतो. तोंवर त्रिकोणी भिंगाचा चष्मा उपयोगी पडतो. मात्र एकाएकीं दोन दिसूं लागलें, त्यांतून पापणी मिटूं लागली किंवा डोकें ठणकूं लागलें, तर एक दिवसहि दवडूं नये.

आमच्या पायऱ्या चार महिन्यांनीं पुन्हां एक झाल्या. वैद्य अशा रोग्यांचे बालपणींचे फोटो मागून पाहतात, असें कळल्यावर आम्हीं त्या वर्गाचा फोटो शोधून काढला. सारीं मुलें ताठ बसलीं आहेत; दुसऱ्या रांगेंतील तो एकटा डाव्या खांद्याकडे कललेला आहे.