पिल्लू घरी ठेवून

मराठी घरात नवरा-बायकोने दोघांनीच बाहेर पडायची कारणे ठरलेली असतात. देवदर्शन, लग्नकार्य, दवाखाना आणि मयत. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात जेजुरी किंवा महाबळेश्वर चालून जाते. पाळणा हलला की तेही संपते. मग पुढची वीस वर्षे ‘जोडीने’ हा शब्द सत्यनारायणाच्या पाटापुरता उरतो. अशा समाजात सात वर्षांच्या मुलाला आजीजवळ ठेवून दोघांनीच जंगलातल्या महागड्या लॉजवर दोन रात्री राहायला जायचे, आणि तेही दिंडोरीसारख्या गावातून, म्हटल्यावर चर्चा होणारच. आमच्या बाबतीत ती झाली. ‘पोराला टाकून?’ हा प्रश्न मला किमान दहा जणींनी विचारला. ह्यांना तो एकानेही विचारला नाही.

वास्तविक ‘सफारी’ हा शब्द ऐकायला परका असला तरी आपल्या नात्यातलाच आहे. पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेत सफारी म्हणजे प्रवास. तो अरबी ‘सफर’वरून तिकडे गेला, आणि तीच ‘सफर’ फारसीच्या वाटेने मराठीत येऊन बसली. शब्द घरचा, रीत तेवढी नवी.

ही रीत दिंडोरीत का पोचावी, याचे कारण द्राक्षांत आहे. बागायतदाराचे वर्ष तान्ह्या मुलाच्या घरासारखे असते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, मग डिपिंग, विरळणी, फवारण्या, आणि माल गाडीत चढेपर्यंत आभाळाकडे लागलेले डोळे. रात्री पाऊस वाजला की घरातले सगळे उठून बसतात. फक्त शेवटचा माल गेल्यावर आणि खरड छाटणी लागण्याआधी दोनतीन आठवडे वेलीला विश्रांती देतात. वेलीबरोबर माणसाला मिळते तेवढीच. त्या दिवसांत आमच्याकडची माणसे वणीला, सप्तशृंगीच्या गडावर, चैत्राच्या यात्रेला जातात. सासूबाई आयुष्यात ‘जोडीने’ गेल्या त्या तिथेच, आणि तेव्हाही एक मूल कडेवर आणि एक बोटाला होते. आमचा बेत त्यांच्या कानावर घातला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘जा की. मी काय म्हातारी झाले का अजून?’’

इथपर्यंत सगळे सरळ होते. पेच दुसराच होता. आम्ही वाघ पाहायला निघालो होतो, आणि मुलाला ठेवत होतो ते बिबट्याच्या गावात.

नाशिक जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला हे अतिशयोक्त वाटेल, म्हणून थोडे सांगते. कादवा आणि उनंदा नद्यांच्या काठचा आमचा मुलूख. पालखेड, करंजवण, वाघाड ही धरणे झाली, पाणी फिरले आणि ऊस, द्राक्षे वाढली. बिबट्याला लपायला आडोसा, प्यायला पाणी आणि खायला कुत्री-शेळ्या एवढे मिळाले की त्याला वेगळे जंगल लागत नाही. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोल्याच्या उसाच्या पट्ट्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंचलित कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यात शंभर चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे आढळले, तेही दाट मनुष्यवस्तीच्या शेतशिवारात. त्यांच्या खाण्यात मुख्य वाटा होता तो गावातल्या कुत्र्यांचा. याचा अर्थ, बहुतेक बिबटे माणसाला टाळूनच जगतात. पण ‘बहुतेक’ या शब्दावर आईला झोप लागत नाही. २०२० साली दारणा नदीच्या काठी बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यात मुले होती. आमच्या तालुक्यातही गेल्या काही वर्षांत मुले दगावली आहेत. त्यामुळे आमच्याकडे मुलांच्या वेळापत्रकाला एक कलम जास्त आहे: दिवेलागणीनंतर अंगणात एकट्याने जायचे नाही.

ही कलमे सासूबाईंना माझ्याहून जास्त पाठ होती. तरीही निघताना मी ती त्यांना पुन्हा वाचून दाखवली, आणि त्यांनी ती निमूटपणे ऐकून घेतली.

नाशिकरोडहून रात्रीची गाडी, सकाळी नागपूर, तिथून उमरेड-चिमूरमार्गे ताडोबाचे कोलारा प्रवेशद्वार. ताडोबा हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचे. १९९५ मध्ये शेजारचे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. नाव पडले ते गोंडांच्या तारू या देवावरून. वाघाशी झुंजताना मेलेल्या माणसाचा तो देव झाला, अशी कथा आहे आणि तळ्याकाठी त्याचे ठाणे आहे. आमच्याकडे पश्चिम पट्ट्यातले कोकणा आणि महादेव कोळी वसुबारसेच्या दिवशी वाघबारस करतात, वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. ज्याच्या शेजारी राहायचे त्याला आधी हात जोडून ठेवायचे, हा शहाणपणा दोन्हीकडे सारखाच.

लॉजवर मात्र कुणाला हात जोडावे लागत नव्हते. उतरल्याबरोबर गार टॉवेल आणि पन्हे हातात आले. खोलीएवढी न्हाणी, न्हाणीला काचेची भिंत, भिंतीपलीकडे बांबू. काळोख पडल्यावर खोलीतून जेवणघरापर्यंत जायचे असेल तर फोन करायचा. एक मुलगा मोठी बॅटरी घेऊन येणार आणि पुढे चालणार. कुंपण होते, वाटेवर दिवे होते, रात्रभर पहारा होता. हे सगळे भाड्यात धरलेले होते, आणि ते भाडे आमच्या बागेच्या एका फवारणीहून पुष्कळ जास्त होते.

पहिल्या संध्याकाळी आमच्या लक्षात आले, की आम्हाला बोलायला विषय नाही. मूल, बाग आणि बँक हे तीन वगळले तर नवरा-बायकोत काय बोलतात, हे आम्ही विसरलो होतो. तासभर आम्ही मुलाबद्दलच बोललो. मग गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर ऊन मी म्हणत असताना, ह्यांनी अचानक त्यांच्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणाचा विषय काढला. त्या वर्षी गारपीट झाली होती आणि औषधाचे पैसे उसने आणले होते, एवढे मला माहीत होते. उसने कुणाकडून आणले, त्याने काय ऐकवले आणि ते ह्यांनी इतकी वर्षे कुठे गिळून ठेवले, हे मी पहिल्यांदा ऐकले. घरी हे बोलणे झाले नसते. सुरू झाले असते, तर तिसऱ्या वाक्याला ‘आई, माझी कंपासपेटी’ अशी हाक आली असती.

सफारीला जाताना गाभाक्षेत्रात मोबाईल नेता येत नाही. बाहेरच जमा करावा लागतो. नियम योग्यच आहे. पण गेली सात वर्षे चार तास सलग मुलाची खबर नाही, असे माझ्या बाबतीत झालेले नव्हते. जिप्सीत आम्ही सहा जण, शिवाय चालक आणि गाईड. पहिला तास मी जंगल पाहिलेच नाही, घड्याळ पाहिले. शाळा सुटली असेल, दूध पिऊन झाले असेल, आता खेळायला गेला असेल, आता दिवेलागण. आणि त्याच वेळी गाईडने हात वर केला.

वाघीण पाणवठ्यावर आली, मागच्या पायांनी पाण्यात बसली, प्यायली आणि कुणाकडेही न पाहता निघून गेली. पाचेक मिनिटे. ‘‘पिल्लं झुडपात ठेवून आली असन, मॅडम,’’ गाईड हळूच म्हणाला. ‘‘म्हणून थांबत नाही ते.’’ वाघीण दीड-दोन वर्षे पिल्ले सांभाळते, आणि त्या काळात त्यांना झुडपात दडवून तासन्‌तास शिकारीला जाते. न जाऊन चालणारच नसते. तिला कुणी ‘टाकून?’ असे विचारत नाही, हे मनात आल्यावाचून राहिले नाही. आमच्याकडची बिबट्याची मादी उसात विते. कादवा कारखान्याची तोड सुरू झाली की कधी फडात डोळे न उघडलेले बछडे सापडतात. वनखात्याची माणसे ते त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, आणि रात्री आई येऊन एकेक उचलून नेते. तिला कुठे जावे लागले होते, तेवढेच.

पण त्या आईला वाट तरी मोकळी हवी. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ नावाच्या वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवून धरले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत वर्षअखेरीची सुट्टी घालवायला आलेली आमच्यासारखीच माणसे असणार.

परतीच्या वाटेवर मी गाईडला त्याच्या गावाबद्दल विचारले. गाव बफरमध्ये. गाभ्यातली बोटेझरी, कोळसा, नवेगाव, जामणी ही गावे टप्प्याटप्प्याने बाहेर हलवली गेली. बफरमधली आहेत तिथेच आहेत, आणि वाघही तिथे आहे. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ मोजले गेले. ही अभिमानाची गोष्ट आहे, आणि तिची किंमत चंद्रपूर जिल्हा मोजतो. २०२१च्या नोव्हेंबरात वाघांच्या मोजणीसाठी पायी फिरणाऱ्या वनरक्षक स्वाती ढुमणे याच ताडोबात वाघिणीच्या हल्ल्यात गेल्या. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने गोळा करायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी गेल्या. गाईडची बायको पण तेंदूला जाते. ‘‘पोरगी कुणाजवळ असते मग?’’ मी विचारले. ‘‘शेजारी,’’ तो म्हणाला, ‘‘पण जीव घरीच राहते तिचा.’’

त्या रात्री बॅटरीवाल्या मुलामागून जेवायला जाताना मला आमच्या महागड्या सुट्टीचा खरा अर्थ कळला. काचेची न्हाणी आणि पन्हे ही वरची सजावट. पैसे आम्ही मोजले होते ते निर्धास्तपणाचे. कुंपण, दिवा, सोबतीला माणूस, आणि पाठीमागे घरी जागी असलेली आजी. यातली आजी सोडली तर बाकीचे बाजारात मिळते, फक्त दर परवडायला हवा. आजीचा दर कुणी लावत नाही, म्हणून तिची सुट्टीही कुणाला सुचत नाही. पुढच्या वर्षी वेल विश्रांतीला लागला की गडावर त्यांनी जायचे आणि घर आम्ही धरायचे, असे आता ठरले आहे.

ज्यांना आजीही नाही त्यांचे काय? आमच्या तालुक्यात द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा-पेठकडून मजूर जोडपी येतात. बागेच्या कडेला पाल किंवा पत्र्याचे शेड, चूल उघड्यावर, पाणी विहिरीवर, आणि सरहद्दीला ऊस. आई पहाटे घड काढायला ओळीत शिरते तेव्हा मूल शेडच्या दारात बसलेले असते. तिलाही मुलाशिवाय वेळ मिळतोच, रोज आठ तास. त्यातले एक मिनिटही निर्धास्त नसते. शेतीपंपाला वीज पाळीपाळीने रात्रीची येते, तेव्हा बाप बॅटरी घेऊन बारे द्यायला जातो आणि ती दोन जिवांची काळजी करत पडून राहते. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली सौर कृषी वाहिनी योजना जाहीर झाली. अजून कितीतरी शिवारांत रात्रीची पाळी चुकलेली नाही. हल्ल्यात माणूस गेला तर सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देते. माणूस जाऊ नये म्हणून लागणाऱ्या वस्तू याच्या पासंगालाही पुरणार नाहीत: शेडला दार, दारावर दिवा, आत संडास, शेळ्यांना बंद गोठा, आणि चार बागांत मिळून मुले सांभाळणारी एक बाई.

शेडचे दार आणि दिवा ही सरकारची वाट पाहण्याची कामे नव्हेत. ती बागायतदाराची आहेत, म्हणजे आमची. यंदाच्या छाटणीच्या हिशेबात आम्ही ती धरली आहेत. मुले सांभाळणाऱ्या बाईबद्दल शेजारच्या तीन बागांशी बोलणे चालू आहे. एकाने विचारले, ‘‘हे खूळ कुठून आणलं?’’ ह्यांनी सांगितले, ‘‘वाघ पाहून आलो.’’