पाच डॉलरचं तिकीट आणि झाडीपट्टीचं नाटक: कमी भांडवलात काय स्वतः करायचं?



"कर्ज पास झालं की धंदा सुरू करतो." हे वाक्य तुमच्याही तोंडी असेल, तर आजचा लेख तुमच्यासाठी आहे.

1980 साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात शाळकरी वयाच्या पोरांचा 'टीन आयडल्स' नावाचा बँड होता. ते पंक वाजवायचे. पंक म्हणजे वेगवान, मोठ्या आवाजाचं संगीत, आणि बाणा असा की कुणी संधी देईल म्हणून थांबायचं नाही. बँड फुटला तेव्हा कार्यक्रमांतून साठवलेले सुमारे 600 डॉलर शिल्लक होते. ते वाटून न घेता पोरांनी स्वतःची रेकॉर्ड काढली, 1000 प्रती. कव्हरं हाताने कापली, दुमडली, चिकटवली. रेकॉर्ड बनवायचं काम मात्र कारखान्याला दिलं. यातूनच 'डिस्कॉर्ड रेकॉर्ड्स' ही कंपनी उभी राहिली.

त्यांच्यातल्याच इयन मॅकाय याने पुढे 'फुगाझी' हा बँड काढला. तिकीट बहुतेक वेळा फक्त पाच डॉलर! परवडायचं कसं? मॅनेजर नाही, एजंट नाही, बुकिंग घरूनच. खर्च आधी कमी केला, म्हणून भाव कमी ठेवता आला. आपण नेमकं उलटं करतो. खर्च तसाच ठेवतो आणि भाव पाडतो.

अमेरिका लांब वाटते? मग आपल्या गोंदियाकडे बघा. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यातली झाडीपट्टी रंगभूमी मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांची वाट बघत बसली नाही. नाटक गावातच, मंडप टाकून, रात्रभर चालतं. हंगाम दिवाळीनंतरचा, म्हणजे धान निघून लोकांच्या हातात पैसा येतो तेव्हाचा. वडसा हे कंपन्यांचं मुख्य ठाणं. गावातलं मंडळ तिथल्या कंपनीशी रक्कम ठरवतं आणि तिकिटं स्वतः विकतं. कंपनीला कळतं की आपल्याला किती मिळणार. गर्दी जमवण्याची जबाबदारी मंडळाची, आणि नफा-तोटाही मंडळाचा. याच रंगभूमीवरचे कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

आता तुमचा धंदा. समजा, तुम्हाला गोंदियाचा तांदूळ एक किलोच्या पॅकेटमध्ये विकायचा आहे. त्यासाठी गिरणी टाकायची गरज नाही, भरडाई गिरणीतून करून घ्या. पॅकिंग, घरोघरी ओळख, पैशाचा हिशोब हे स्वतः करा. एफएसएसएआय नोंदणी आणि पॅकेटवरची माहिती मात्र पक्की हवी. "आपलं छोटं काम आहे" म्हणून ती चुकवू नका. पहिली 50 पॅकेट रोखीने विका. त्याच पैशातून पुढची 100 भरा.

कर्ज वाईट नाही. पण गिऱ्हाईक मिळायच्या आधी मशीन घेतली, तर विक्री नसली तरी हप्ता दर महिन्याला येणारच. तो घरच्या पैशातून जातो, आणि बरेच धंदे तिथेच बंद पडतात. अंथरूण पाहून पाय पसरा.

आज रात्री वहीत तीन रकाने आखा: मी स्वतः काय करणार, कुणाकडून करून घेणार, आणि माझ्या गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कोणत्या महिन्यात असतो. तिसरा रकाना भरता येत नसेल, तर आधी दहा लोकांना भेटून या. बँकेत त्यानंतर जा.