व्यापाऱ्याच्या घरात वेल्डिंगचे कसब

लोखंडी अँगल, पत्रे आणि पाइप विकणारी अनेक दुकाने आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. भाव, वजन आणि उधारी यांतील बारकावे मुले गादीवर बसूनच शिकतात. परंतु त्याच मालाचे दोन तुकडे जोडण्याचे काम शिकतो, असे एखाद्या मुलाने म्हटले की घरात शांतता पसरते. ‘हे काम आपले नव्हे’ या उत्तराचा पुनर्विचार व्हावयास हवा.

आयटीआयमधील वेल्डर हा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे. विद्यार्थी प्रथम आडव्या पट्टीवर सरळ जोड टाकतो; मग उभा जोड आणि डोक्यावरचा जोड. गॅस, आर्क, मिग, टिग या पद्धती तो क्रमाने हाताळतो. पुढील पातळीवरील एका कसोटीत पाइप ४५ अंशांत पक्का बसवलेला असतो. तो न फिरवता कारागिराने सभोवार जोड पूर्ण करावयाचा असतो. वरून सुबक दिसणाऱ्या जोडातील पोकळी क्ष-किरणांत उघडी पडते. येथे वशिला चालत नाही.

हे ज्ञान दुकानातही उपयोगी पडते. इलेक्ट्रोडला ओल लागली, तर जोडात छिद्रे पडतात. हे स्वतः अनुभवलेला व्यापारी आपले गोदाम कोरडे ठेवील आणि ग्राहकाला योग्य माल सुचवील.

सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी केवळ खरेदी-विक्रीत समाधान मानले नाही. त्यांच्या पुढाकाराने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना उभा राहिला आणि १९४८ साली तेथून ‘जल-उषा’ पाण्यात उतरली. असे उद्योग भांडवलाइतकेच कुशल हातांवर उभे राहतात.

काम कष्टाचे आहे, हे लपवू नये. उष्णता आणि धूर सोसावा लागतो. योग्य काळ्या काचेविना ठिणगीकडे पाहिल्यास डोळे भाजतात. म्हणून प्रवेशापूर्वी पालकांनी मुलासह, मुलीसहही, कार्यशाळा पाहावी. यंत्रे चालू आहेत काय, प्रत्येकाला प्रत्यक्ष सराव किती मिळतो, मुखवटे व चामडी हातमोजे दिले जातात काय, धूर बाहेर जाण्याची सोय आहे काय, हे विचारावे. नंतर एखाद्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारीही करू द्यावी. गादी त्याची वाट पाहील. शिकण्याचे वय मात्र थांबत नाही.