एकांतातला कर्ण, सभेतला कर्ण

कर्णाला खरा वीर म्हणायचं का? एक पक्ष कवचकुंडलांचं दान पुढे करतो, दुसरा द्यूतसभेतली द्रौपदीची विटंबना. महाभारतात दोन्ही आहे. पण हे प्रसंग कुठे आणि कुणासमोर घडतात ते ताडून पाहिलं, की व्यासांच्या रचनेपुढे थक्क व्हायला होतं.

कर्ण मोठा होतो तो लोकांच्या नजरेआड. इंद्र ब्राह्मणाच्या वेशात कवचकुंडलं मागायला येणार, हे सूर्याने त्याला आधीच स्वप्नात सांगितलेलं असतं. तरीही तो अंगावरचं कवच कापून देतो. कृष्ण त्याला रथात बसवून नेतो, जन्माचं रहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण नाकारतो आणि विनवतो: हे युधिष्ठिराला कळू देऊ नकोस. गंगाकाठी तो कुंतीला शब्द देतो, की अर्जुनाखेरीज तुझ्या कुठल्याही मुलाला मारणार नाही.

हा शब्द तो रणांगणावर पाळतो. भीम, नकुल, सहदेव, युधिष्ठिर असे चौघंही त्याच्या तावडीत सापडतात आणि जिवंत सुटतात. पण सोडताना तो भीमाला धनुष्याच्या टोकाने डिवचतो, खादाड म्हणून हिणवतो. दया गुपित राहते, टोमणा साऱ्या सैन्याला ऐकू जातो.

आणि चारचौघांत? भर सभेत तो द्रौपदीला कुलटा म्हणतो, तिची वस्त्रं काढायला सांगतो. अभिमन्यूला महारथींनी घेरल्यावर त्याचं धनुष्य तोडतो तोही कर्णच.

सभेतलं ते वागणं म्हणजे द्रौपदीने स्वयंवरात सूतपुत्र म्हणून झिडकारल्याचा सूड होता, असा बचाव आपण नेहमी ऐकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात 1259 हस्तलिखितं तपासून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिच्या स्वीकृत संहितेत तो नकारच नाही!

मग लोकांसमोर त्याला होतं तरी काय? उत्तर बहुधा हस्तिनापूरच्या रंगभूमीवर सापडतं. तिथे कुळ विचारल्यावर तरुण कर्णाची मान खाली जाते आणि दुर्योधन त्याला जागच्या जागी अंगदेशाचा राजा करतो. त्या क्षणापासून लोकांदेखत उभा राहिलेला कर्ण उपकाराचं ओझं घेऊनच बोलतो. हे माझं नुसतं अनुमान नव्हे. उद्योगपर्वात तो स्वतः कृष्णाला सांगतो, की दुर्योधनाला बरं वाटावं म्हणून पांडवांना कटू बोललो, त्याचा आज मला पश्चात्ताप होतो. ही कबुलीही एकांतातलीच.

त्याच द्यूतसभेत द्रौपदीच्या बाजूने एक कौरव उठला होता: दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ विकर्ण. द्रौपदी जिंकली गेलेली नाही, असं तो ठणकावून म्हणाला. त्याला पोरकट ठरवून गप्प केलं ते कर्णाने.

म्हणून माझ्या मते कर्ण वीरत्वाच्या कसोटीला अर्धाच उतरतो. मृत्यूला तो कधी भ्याला नाही. मित्राची मर्जी मोडायला मात्र भ्याला. शत्रूसमोर छाती काढणारे महाभारतात पुष्कळ आहेत. आपल्याच माणसांसमोर उभं राहून ‘हे चूक आहे’ म्हणणारा वीर दुर्मीळ आहे, आणि कर्णाचं मोठेपण इतकं खरं असल्यामुळेच त्याच्यातली ही उणीव आपल्याला आजही अस्वस्थ करते.