आरीचा टाका

आरी हे चांभाराचे हत्यार, एवढीच तिची ओळख सवर्ण समाजाने करून घेतली. ती नेमके काय करते, हे विचारण्याची गरज त्याला भासली नाही. सिंधुदुर्ग किल्ला पाहायला मालवणात येणाऱ्यांचे, पुढे आंबोलीच्या रानात भटकणाऱ्यांचे बूट, तंबू, पाठपिशव्या ऐन पावसात उसवतात, तेव्हा मात्र तिची आठवण होते. तेव्हा आधी तिचा टाका समजून घेऊ.

तीनचार पदरी पट्ट्यातून साधी सुई जात नाही; गेलीच तर मोडते. दाभण जातो, पण दर टाक्याला सगळा दोरा ओढून काढावा लागतो. आरीच्या टोकाशी बारीक खाच असते. वरून आरी टोचायची, खाली डाव्या हातातला दोरा खाचेत अडकवायचा आणि आरी वर ओढायची. दोऱ्याचा फास वर येतो. वरच्या दोऱ्याचे टोक त्यातून ओवायचे आणि दोन्ही बाजूंनी सारखा ताण द्यायचा. दोन दोऱ्यांचा पीळ जाडीच्या मधोमध बसला पाहिजे. तो वर दिसला तर घासून तुटणार. खताच्या पोत्याची शिवण योग्य दोरा ओढला की सरसर उसवते, कारण ती साखळी असते. आरीच्या शिवणीत एक टाका तुटला तरी शेजारचा जागा सोडत नाही.

माझे वडील हेच काम करीत. ‘‘टाके दाट घालू नको, फाटतला,’’ एवढेच ते सांगत. दाट भोके म्हणजे टपाल तिकिटाची कड! म्हणून शक्यतो जुनीच भोके वापरावीत. सुती दोरा आमच्या पावसात कुजतो; नायलॉनचा घ्यावा, त्याला मेण लावावे. खाऱ्या हवेने आरी गंजते, तिच्यावर तेलाचे बोट फिरवावे.

अमेरिकेत ‘स्पीडी स्टिचर’ नावाची आरी १९०९ पासून विकली जाते. तिच्या मुठीत दोऱ्याची रीळ असते, नेढे टोकाजवळ असते. पण फास काढून त्यात दुसरा दोरा ओवण्याचे तत्त्व हेच. ती वापरणारा हौशी माणूस कुशल ठरतो. त्याला कोणी विटाळ मानीत नाही. म्हणजे विटाळ आरीत नव्हता, चामड्यातही नव्हता. जातिव्यवस्था कामाची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या न झालेल्या भाषणात मांडले. त्या विभागणीने हे ज्ञान एका जातीत कोंडले आणि त्याला ज्ञान म्हणायचेही नाकारले.

आमच्या पोरांनी पुन्हा आरी धरावी, असे मी म्हणत नाही. तसा उपदेश करणारे बहुधा स्वतःच्या पोरांना ती देत नाहीत. ज्याला हौस असेल त्याने, कोणत्याही जातीच्या माणसाने, ती शिकावी. सरकार अनुसूचित जातींतील गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल देते. कोकणच्या पावसात तो आडोसा हवाच. पण मजुरीचा प्रश्न आडोशाने सुटत नाही. समुद्राच्या पाण्याखाली मासे पाहण्याचे पैसे निमूट मोजणारा पाहुणा पाठपिशवीचा पट्टा शिवून झाल्यावर दहा रुपयांसाठी हुज्जत घालतो, आणि आमचा म्हातारा कारागीर मान खाली घालून पुढचा बूट ओढून घेतो.